चित्रातल्या त्या बाईचं नाव काय?

आम्ही एरंडोल तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. आज आम्ही एका चित्राबद्दल बोलणार आहोत. हातातलं निवडण-टिपण चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

आमची मासिक सभा ज्या खोलीत भरते तिथे भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे. वर्ष कधीच संपलं, खालची पानं फाटली, पण वरचं चित्र चांगलं म्हणून कोणी ते काढलं नाही. चित्र तुम्हीही पाहिलं असेल. शिवाजी महाराज आसनावर बसले आहेत, समोर एक सुंदर तरुण बाई मान खाली घालून उभी आहे, बाजूला सरदार, आणि तबकात साडीचोळी व दागिने. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचा तो प्रसंग.

मागच्या एका सभेत हप्ते गोळा करून झाले, प्रोसिडिंग लिहून व्हायचं होतं. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वडील आजी त्या चित्राकडे बघत म्हणाल्या, “ती बाईनं नाव काय शे?”

आम्ही म्हटलं, “आजी, ती सुभेदाराची सून.”

आजी म्हणाल्या, “सून म्हणजे काय नाव झालं का? मलेबी पन्नास वरीस सूनच म्हनेत.”

सगळ्या हसल्या, पण नाव कोणालाच सांगता आलं नाही. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, आम्हालाही येत नव्हतं. आजींच्या त्या प्रश्नामुळे आम्ही थोडं वाचन केलं, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

आधी गोष्ट. सन 1657 मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, हे पक्कं आहे. गोष्ट अशी सांगतात, की कल्याणच्या स्वारीत आबाजी सोनदेव या सरदाराच्या हाती सुभेदाराची सून लागली आणि त्याने ती महाराजांपुढे हजर केली. महाराजांनी तिला आईसमान मानलं, साडीचोळी देऊन सन्मानाने घरी परत पाठवलं आणि सरदाराला समज दिली. आपल्यातल्या प्रत्येकीने ही गोष्ट शाळेत ऐकली आहे.

हा प्रसंग महाराजांच्या हयातीतल्या पत्रांत मात्र येत नाही. तो पुढच्या काळातल्या लिखाणातून, पोवाड्यांतून, नाटकांतून आणि चित्रांतून घरोघरी पोचला. असं म्हटलं की काही जणींना वाईट वाटतं. मग महाराजांचं सगळं खोटं का, असं एकीने विचारलंच. तसं अजिबात नाही. लढाईत बायकांना हात लावायचा नाही, ही महाराजांच्या फौजेची शिस्त होती. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. त्याने महाराजांबद्दल बरेच वाईट शब्द लिहिले. पण शत्रूच्या बायकांशी गैर वागायचं नाही असा त्यांचा नियम होता, हे त्यालाही लिहावं लागलं. शत्रूने दिलेली साक्ष आहे ती, तिला वजन आहे. म्हणजे महाराजांचा स्वभाव खरा, नियमही खरा. त्या नियमाला पुढच्या लोकांनी चित्राचं रूप दिलं, असं आपण समजू.

आपल्या शेजारी धुळ्याला वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. 1926 साली त्यांचं निधन झालं ते धुळ्यातच. हा माणूस गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं गोळा करत हिंडला. ऐकीव गोष्ट वेगळी आणि कागद वेगळा, हे महाराष्ट्राला शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. आपल्या गटातही तोंडी हिशेब चालत नाही, नोंदवहीत सही लागते. तोच नियम इतिहासाला.

आता चित्रं घराघरात कशी आली ते बघा. आपल्या पणजीच्या लहानपणी घरात रंगीत चित्र म्हणजे नवल होतं. 1878 साली पुण्यात चित्रशाळा नावाचा छापखाना निघाला. तो काढण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा पुढाकार होता. देवादिकांची, शिवाजी महाराजांची, नाना फडणवीसांची रंगीत चित्रं तिथून छापून निघू लागली. पुढे 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. लक्ष्मी, सरस्वती जशा त्याने रंगवल्या तशाच आजही आपल्या देव्हाऱ्यात आहेत. मग दुकानदारांनी, कंपन्यांनी कॅलेंडरं वाटायला सुरुवात केली. त्यातून राजाचं औदार्य दाखवणारं चित्र गरिबाच्या कुडाच्या भिंतीवरही आलं.

आता तुम्हाला थोडं लांब, युरोपात घेऊन जातो. अगदी अशीच गोष्ट तिकडेही आहे, आणि तिचंही चित्र आहे.

इटली देशात व्हेनिस हे शहर आहे, पाण्यात वसलेलं. तिथे 1696 साली तिएपोलो नावाचा चित्रकार जन्माला आला. त्या काळात युरोपातल्या राजेरजवाड्यांना, श्रीमंतांना एका प्रकारच्या सजावटीची फार हौस होती. हलके गुलाबी, निळे, सोनेरी रंग, शंखशिंपल्यासारखी वळणं, ढगांत तरंगणारी माणसं, रेशमी वस्त्रं. त्या शैलीला रोकोको म्हणतात. डोळ्यांना सुख वाटेल, घरातलं वैभव दिसेल, असा तिचा थाट. तिएपोलो भिंतीवरच्या आणि छतावरच्या चित्रांत फार वाकबगार होता. ओल्या गिलाव्यावर रंग द्यायचा, गिलावा वाळायच्या आत काम संपवायचं. घर सारवताना ओल असेपर्यंतच हात फिरवावा लागतो, तसंच ते.

1743 साली त्याने मोंतेक्किओ माज्जोरे नावाच्या गावी एका वाड्याच्या मोठ्या दिवाणखान्यात चित्रं काढली. वाडा होता कार्लो कोर्देल्लिना नावाच्या बड्या वकिलाचा. समोरासमोरच्या भिंतींवर दोन प्रसंग आहेत, आणि दोन्ही राजाच्या किंवा सेनापतीच्या औदार्याचे. एका भिंतीवर सिकंदर. त्याने इराणच्या दारयवहू बादशहाचा पराभव केला, बादशहा पळून गेला, त्याची आई, बायको, मुलं सिकंदराच्या हाती लागली. सिकंदराने त्यांना मानाने वागवलं. समोरच्या भिंतीवर सिपियो.

या सिपियोची गोष्ट ऐका. तो रोमचा सेनापती. इसवी सनाच्या 209 वर्षं आधी त्याने स्पेनमधलं शत्रूचं एक मोठं शहर जिंकलं. शिपायांनी एक फार सुंदर मुलगी पकडून त्याच्यापुढे आणली. सिपियोने चौकशी केली तेव्हा कळलं की तिचं लग्न अल्लुसियस नावाच्या तिथल्या एका सरदाराशी ठरलं आहे. सिपियोने त्याला बोलावलं आणि मुलगी जशीच्या तशी, मानाने त्याच्या स्वाधीन केली. ऐकताना कल्याणची गोष्ट आठवली ना? आम्हालाही तेच वाटलं. सातासमुद्रापलीकडची गोष्ट, दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि साचा तोच.

लिव्ही नावाच्या रोमन इतिहासकाराने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. त्यात पुढे आणखी आहे. मुलीला सोडवून नेण्यासाठी तिच्या आईबापांनी सोनं आणलं होतं. सिपियो मोबदला घेईना, पण त्यांनी फारच आग्रह केला. तेव्हा ते सोनं पायाशी ठेवायला सांगून त्याने अल्लुसियसला म्हटलं, तुझ्या सासऱ्याकडून हुंडा मिळेल तो मिळेलच, हे माझ्याकडून वर.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या गटातली एकजण पटकन म्हणाली, “म्हणजे सोनं आईबापांचं, गेलं जावयाच्या पदरात आणि नाव झालं सेनापतीचं!” खरंच तसं आहे. पुढे काय झालं? उपकाराने भारावलेला अल्लुसियस आपल्या लोकांत परत गेला आणि 1400 घोडेस्वार घेऊन सिपियोच्या फौजेला येऊन मिळाला. म्हणजे सिपियोला त्या औदार्याचा परतावाही चांगला मिळाला. आम्ही सिपियोला वाईट म्हणत नाही. त्याच्या जागी दुसरा असता तर त्या मुलीचं काय झालं असतं, हे आपल्याला कळतं. त्याने केलं ते चांगलंच केलं. पण हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडावा.

त्या पूर्ण हिशेबात एक जागा कोरी राहते. लिव्हीने सेनापतीचं नाव लिहिलं, नवऱ्या मुलाचं लिहिलं, घोडेस्वारांची संख्यासुद्धा लिहिली. मुलीचं नाव लिहिलं नाही. तिला काय वाटत होतं, तिच्या तोंडून एक शब्द निघाला का, तेही नाही. कल्याणच्या गोष्टीत आबाजी सोनदेव आहे, सुभेदार आहे. सून मात्र फक्त सून. आजींचा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो.

या विषयावर युरोपात कित्येक चित्रकारांनी चित्रं काढली. बहुतेक ठिकाणी मांडणी एकसारखी. देणारा वर, आसनावर, हात पुढे केलेला. बाई खाली, उजेडात, नजर झुकलेली. ती दिसायला सुंदर असावीच लागते, कारण त्याशिवाय देणाऱ्याने काय सोडलं हे कळत नाही. तिचं सौंदर्य हे त्याच्या मोठेपणाचं माप झालं. आणि या चित्रांचे पैसे कोण देत होतं? कोर्देल्लिना वकिलासारखे बडे लोक. आलेल्या पाहुण्यांनी दिवाणखान्यात बसून भिंतीकडे पाहावं आणि मनात म्हणावं, या घराचा मालकही असाच उदार असणार.

असं असेल तर मग बाईच्या बाजूने काढलेलं औदार्याचं चित्र कुठे आहेच नाही का? आहे. आणि ते आपल्याला जवळचं आहे.

बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यात बेलवडी नावाचं गाव आहे. 1678 साली महाराज दक्षिणेच्या मोठ्या स्वारीवरून परत येत होते. तेव्हा बेलवडीच्या छोट्याशा गढीशी मराठी फौजेची लढाई जुंपली. गढीचा देसाई येसाजी प्रभू लढाईत पडला. त्याची बायको मल्लम्मा, मराठीत तिला सावित्रीबाईही म्हणतात, तिने गढी लढवायला घेतली. मातीची गढी ती, पण तिने 27 दिवस झुंजवली. राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या फेब्रुवारीत लिहिलेल्या पत्रात याची नोंद आहे. एवढी राज्यं जिंकणाऱ्या शिवाजीला ही देसाईण आटोपेना, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. शेवटी दारूगोळा, दाणागोटा संपला आणि गढी पडली.

पुढची हकीगत जुन्या लिखाणात अशी येते. वेढ्यावरच्या सखूजी गायकवाड नावाच्या सरदाराने पकडलेल्या मल्लम्माशी गैरवर्तन केलं. महाराजांना हे कळल्यावर त्यांनी आपल्याच सरदाराचे डोळे काढवले आणि त्याला कैदेत टाकलं. मल्लम्माला तिचा मान आणि तिचा मुलूख परत दिला, असं कर्नाटकात परंपरेने सांगतात.

धारवाडजवळ यादवाड नावाच्या गावी मारुतीच्या देवळापाशी एक दगडी शिल्प आहे. त्याच्या वरच्या भागात घोड्यावर बसलेले महाराज आहेत. खालच्या भागात महाराज बसले आहेत, त्यांच्या मांडीवर एक लहान मूल आहे, हातात वाटी आहे, आणि जवळ एक बाई आहे. ती बाई मल्लम्मा आणि मूल तिचं, असं अभ्यासक मानतात. हे शिल्प तिनेच कृतज्ञतेपोटी कोरून घेतलं, असं सांगितलं जातं.

या दगडाबद्दल आम्ही सभेत सांगितलं तेव्हा खोली एकदम शांत झाली. मग बाया एकेक फरक सांगू लागल्या. कॅलेंडरातलं चित्र देणाऱ्याच्या कौतुकासाठी दुसऱ्यांनी काढलं, दगड मात्र जिला मिळालं तिने कोरवून घेतला. तिथली बाई मान घालून उभी, ही आपल्या लेकराला घेऊन आली. तिचं नाव कोणाला माहीत नाही, हिचं नाव आज साडेतीनशे वर्षं होत आली तरी लोकांच्या तोंडी आहे. आणि मल्लम्माने महाराजांच्या हातात तलवार नाही, वाटी दिली. तिच्यापुढे राजाचा मोठेपणा कशात होता, ते तिने तिच्या बाजूने सांगितलं. आमच्यातली एक सासुरवाशीण म्हणाली, “तिने उपकार मानले, पण ती ओशाळी नाही झाली.” आम्हाला वाटतं, या सगळ्या गोष्टीतलं सार त्या एका वाक्यात आलं.

आता आणखी एक औदार्य सांगतो, ज्याचं चित्र आम्ही तरी कुठल्या कॅलेंडरावर पाहिलेलं नाही.

5 सप्टेंबर 1676 रोजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला एक पत्र पाठवलं. प्रभावळी म्हणजे कोकणातला सुभा. त्या पत्रात शेतकऱ्यांशी कसं वागायचं ते लिहिलं आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ही शिकवण आपण ऐकतो ती या पत्रातली. पण पुढचा भाग बचत गटातल्या प्रत्येक बाईने ऐकावा असा आहे. महाराज सांगतात, गावोगाव फिर, कुणबी गोळा कर. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणे नाहीत, म्हणून जो अडून बसला आहे, त्याला दोन-चार बैलांचे रोख पैसे दे, खंडी-दोन खंडी धान्य दे. त्याच्याने जितकं शेत होईल तितकं करवून घे. आणि पुढे त्याच्याकडून वसूल करताना वाढीदिढी लावू नकोस. फक्त मुद्दल घे, तेही हळूहळू, त्याच्या अंगात ताकद येईल तसतसं. या कामाला दोन लाख लारी खर्च झाला तरी मंजूर आहे. लारी हे त्या काळचं कोकणातलं चांदीचं नाणं.

बायांनो, हे आपलंच काम आहे की नाही? अडलेल्याला वेळेवर भांडवल द्यायचं, त्याची कुवत बघून हप्ता ठरवायचा, वसुली करायची पण जीव घ्यायचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाने हे लिहून दिलं. आमच्या मते महाराजांच्या औदार्याचा हा मोठा पुरावा, कारण यात घेणाऱ्याला खाली बघावं लागत नाही. तो बैल घेतो, शेत पिकवतो आणि मुद्दल फेडतो. पुन्हा राजासमोर ताठ उभा राहतो.

चित्रकाराला यात रंगवायला फारसं काही नाही, हेही खरं. हात जोडलेला कोणी नाही, तबक नाही, दागिने नाहीत. बैलांची एक जोडी आणि वहीतली एक नोंद.

आता हे सगळं आम्ही तुम्हाला का सांगतो आहोत, ते सांगायची वेळ आली. आमच्या बाबतीतही एक चित्र निघालं.

काही काळापूर्वी आमच्या गटाला कर्ज मंजूर झालं. लक्षात घ्या, कर्ज. मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडायचं. एका कार्यक्रमात मोठा चेक हातात देऊन फोटो काढला. मध्ये पाहुणे, बाजूला त्यांची माणसं, आणि आम्ही कडेला, पदर डोक्यावर, हात जोडलेले. हात जोडा असं फोटोवाल्यानेच सांगितलं होतं. काही दिवसांनी रस्त्याच्या कडेला एक मोठा फलक लागला. त्यावर आमच्यातल्या एकीचा तोच चेहरा, कापून मोठा केलेला. खाली लिहिलं होतं, मदत मिळालेली लाभार्थी महिला. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिचं नावही नव्हतं.

तिच्या घरी काय झालं ते सांगतो. सासरे बोलले, “आपल्या घराला कोणी भीक घातली का? रस्त्यावर तोंड लागलं तुझं.” माहेरून फोन आला, इतकी वेळ आली तर आम्हाला का नाही सांगितलं. शेजारणी विचारू लागल्या, फुकट किती मिळाले? ती बाई गटातली सगळ्यात वक्तशीर. शिलाई यंत्र घेतलं, एक हप्ता चुकवला नाही. पण त्यानंतर दोन सभांना ती आलीच नाही. हप्ता मुलाच्या हाती पाठवून दिला. आम्ही घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, “ताई, चेहरा माझा लावला. नाव नाही लावलं, आणि मी फेडते तेही नाही लावलं.”

तिच्या बोलण्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. फोटो काढताना आम्हीच पुढे होऊन तिला मध्ये उभं केलं होतं. छान दिसेल म्हणून.

आजींनी चित्रातल्या बाईचं नाव विचारलं, ते याच्या पुढच्याच सभेत. आमच्या मनात दोन्ही गोष्टी तिथेच जोडल्या गेल्या. ज्यांच्याकडून कर्ज मिळालं त्यांचे आभार आहेतच. त्या पैशाने यंत्र आलं, दुसरीच्या घरी शेळ्या आल्या, तिसरीने पापड-शेवयांचा धंदा वाढवला. देणाऱ्याचं नाव असावं. पण त्याच चित्रात घेणारीचंही नाव असावं आणि तिचा हिशेबही असावा.

आपल्या एरंडोलचंच बघा. लोक आपल्या गावाला एकचक्रानगरी मानतात. पद्मालयाच्या गणपतीला आपण जातो, तिथे भीमकुंड दाखवतात, भीमाने बकासुर मारला ती जागा सांगतात. भीमाचं नाव प्रत्येक लेकराला ठाऊक आहे. पण महाभारतातली गोष्ट आठवा. पांडव परागंदा होऊन आले तेव्हा त्यांना आसरा कोणी दिला? एका साध्या ब्राह्मण कुटुंबाने. बकासुराकडे जायची त्या घराची पाळी आली तेव्हा घरची बाई म्हणाली, मी जाते, तुम्ही मुलांना सांभाळा. कुंतीने ते ऐकलं आणि त्या आसऱ्याचं ऋण फेडायला आपल्या मुलाला पाठवलं. म्हणजे भीमाच्या पराक्रमाच्या आधी त्या घराचं औदार्य आहे. त्या बाईचं नाव महाभारतात नाही. गरीब देतो तेव्हा त्याची नोंद राहत नाही, ही तक्रार काही आजची नाही.

म्हणून आम्ही आमच्या गटात एक ठराव केला. प्रोसिडिंगमध्ये लिहून सगळ्यांच्या सह्या, अंगठे घेतले. पहिलं, सभासद बाईला विचारल्याशिवाय तिचा फोटो कोणालाही द्यायचा नाही. दुसरं, फोटो दिला तर त्याखाली तिचं पूर्ण नाव लिहायला सांगायचं. तिसरं, मदत असा शब्द न लिहिता कर्ज लिहायचं, किती घेतलं आणि किती फेडलं तेही लिहायचं. चौथं, फोटोत कामाची वस्तू असावी. शिलाई यंत्र, शेळी, पापडाचं लाटणं, काय असेल ते. आणि बाईने हात जोडून उभं राहायचं की काम करत, ते तिने ठरवायचं.

ठरावाची नक्कल आम्ही संबंधितांना नेऊन दिली. आधी जरा कपाळाला आठ्या पडल्या. मग एक साहेब म्हणाले, यात चुकीचं तर काही नाही. फलक पुढे पावसात फाटला आणि उतरवला गेला. आमची ती मैत्रीण सभेला यायला लागली आहे. गेल्या महिन्यात तिने कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. तेव्हा आम्ही तिचा फोटो काढला, तिला विचारून. ती यंत्रावर बसली आहे, पाय पायट्यावर, नजर सुईवर. कॅमेऱ्याकडे तिने बघितलंच नाही. म्हणाली, शिवण वाकडी जाईल.

तो फोटो आम्ही सभेच्या खोलीत लावला, त्या जुन्या कॅलेंडरच्या शेजारी. कॅलेंडर काढलं नाही, काढणारही नाही. महाराजांचं चित्र आमच्या भिंतीवर राहणारच. खाली फक्त एक कागद चिकटवला आहे. त्यावर आजींच्या सांगण्यावरून आम्ही लिहिलं आहे, की या बाईचं नाव इतिहासात मिळत नाही.

तुमच्या गटाला आमची एक विनंती आहे. पुढच्या सभेत भिंतीवरच्या एखाद्या चित्राकडे किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या फोटोकडे सगळ्यांनी मिळून बघा. यात देणारा कोण, घेणारी कोण, तिचं नाव लिहिलं आहे का, आणि तिने काय परत केलं ते कुठे दिसतं का, असं एकमेकींना विचारा. उत्तर आलं नाही तर आपल्या वहीत लिहून ठेवा. आणि निदान आपल्या स्वतःच्या फोटोखाली तरी आपलं नाव आपल्या हाताने लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.